तिघींची साखर

आमच्या घरात माणसाला विचारून वाढायची पद्धत नाही. ताटातलं संपलं की पुन्हा पडतं, आणि नको म्हणून हात आडवा धरला तर हातावर पडतं. लग्न होऊन मी फलटणजवळच्या या गावात आले तेव्हा वर्षभरात माझे सगळे ब्लाउज उसवून सैल करावे लागले. मी मूळची जतची. आमच्याकडं पाणी टँकरनं येतं आणि ज्वारी पावसाच्या मर्जीनं. पाहुणा आला की ‘भाकरी किती टाकू’ असं त्याला तोंडावर विचारतात आणि तोही न लाजता आकडा सांगतो. इथं कालव्याचं पाणी, चहूकडं ऊस, आणि हंगामात कारखान्याचा गोडसर वास घरात शिरलेला. इथं भूक लागायची वाट कुणी बघत नाही.

या वाढण्याच्या खात्याच्या प्रमुख म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्या म्हणते. त्यांना साखरेचा आजार आहे, रोज सकाळी गोळी असते. स्वतःच्या ताटात जे कमी पडतं त्याचा वचपा त्या दुसऱ्याच्या ताटात काढतात. पण अलीकडं त्यांची पंचाईत झाली होती. माझा नवरा सैन्यात, तो सुट्टीपुरता येणार. मुलगा शिकायला साताऱ्याला वसतिगृहात. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली, नणंद पुण्यात. घरात उरले मी, आणि मी भांडेन पण जास्त खाणार नाही. मग आत्यांचा सगळा हात गोठ्याकडं वळला.

गोठ्यात एकच गाय. काळीपांढरी, संकरित, गरीब डोळ्यांची. हिची आई हिला जन्म देऊन दुसऱ्या दिवशी गेली, तेव्हा आत्यांनी हिला बाटलीनं दूध पाजून जगवलं. पुढं ती मोठी झाली तरी आत्यांच्या लेखी ती तेवढीच राहिली. लुगड्याचा पदर तोंडात धरून चघळायची, आणि आत्या तो तसाच चघळू द्यायच्या. माझा एखादा पदर तिनं धरला असता तर मी तिला दाखवलं असतं, पण माझ्या वाटेला ती कधी गेली नाही. जनावरांना माणसं बरोबर कळतात.

ही गाय पहिल्यांदा गाभण राहिली आणि आत्यांना उधाण आलं. सकाळी पेंड, दुपारी मक्याचा भरडा, संध्याकाळी पुन्हा पेंड, मध्ये गुळाचा खडा, उरलेल्या चपात्या, कुणाच्या घरी पूजा असली तर तिथला प्रसाद. उसाचे हिरवे शेंडे तर होतेच, इथं त्याला वाढं म्हणतात. दुधाच्या डेअरीकडून एक तरुण डॉक्टर मॅडम स्कूटरवर येतात. त्यांनी गाय तपासून स्पष्ट सांगितलं, “आजी, शेवटच्या महिन्यांत खुराक आवरता घ्या. वाळलेला चारा भरपूर द्या. अंगावर चरबी चढली की व्याल्यावर त्रास होतो.”

आत्यांनी मान डोलावली. मॅडमची स्कूटर कोपऱ्यावरून वळायच्या आत पेंडीचं घमेलं गाईपुढं होतं.

“आत्या, आत्ताच काय म्हणाल्या त्या?”

“ती पोरगी हाय अजून. तिचं लगीनबी झालं न्हाई. दोन जिवाच्या बाईला काय लागतं हे तिला कवा कळायचं?”

मला यातलं पुस्तकी ज्ञान नाही, पण माझ्या वडिलांच्या मेंढ्या होत्या. आमच्या माळावर पावसाळ्याचे चार महिने काय ते गवत असतं. त्या दिवसांत मेंढी खाते ते आजच्यापुरतं नसतं. थोडं ती चालण्यात घालवते, थोडं अंग गरम ठेवण्यात, आणि उरलेलं चरबी करून अंगावर ठेवते. मग चैत्रात माळ बोडका झाला की ती रोज थोडं थोडं स्वतःलाच खाते. वडील येताजाता मेंढीच्या पाठीवर बोटं दाबायचे. मणके टोचले तर ती उपाशी, लोकरीखाली नुसते जाणवले तर ठीक, आणि सापडलेच नाहीत तर वडील म्हणायचे, “हिला उतरव, नाहीतर कोकरू होताना मरंल.” तेव्हा मला वाटायचं, जाड मेंढी कशाला मरेल? वडील कारण सांगायचे नाहीत. त्यांना ठाऊक होतं एवढंच.

मी गाईच्या पाठीवर हात ठेवला. बोटं दाबली, अंगठा दाबला. मणका काही सापडेना. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना चरबीच्या उश्या आल्या होत्या.

“आत्या, ही जास्त झालीय.”

“नजर लावू नगंस,” त्या म्हणाल्या आणि माझा हात पाठीवरून बाजूला केला.

मग एक दिवस त्यांनी जाहीर केलं की गाईचं डोहाळजेवण करायचं.

असं करणाऱ्या त्या काही पहिल्या नव्हेत. आमच्या भागात हौसेनं करतात लोक. पण मला हसू आवरेना. मी म्हटलं, नवऱ्याला फोनवर सांगते, म्हणजे तो पण हसेल. त्यावर आत्या शांतपणे म्हणाल्या, “माझं कुणी केलं न्हाई. आई मी ल्हान आसतानाच गेलेली. तुझ्या नवऱ्याच्या वक्ताला शेजारणी म्हणायच्या, हिला म्हायेरच न्हाई तर ओटी कोण भरंल. हिलाबी आई न्हाई. म्हणून म्हटलं, करू.” एवढं बोलून त्या भांडी घासायला बसल्या. मी काही नवऱ्याला फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी लोणंदच्या बाजारात गेले तेव्हा मीच गाईच्या गळ्यात घालायला घुंगरमाळ घेऊन आले.

कार्यक्रम दणक्यात झाला. शिंगांना रंग, पाठीवर हिरवी साडी, कपाळाला हळदीकुंकू. गल्लीतल्या बायका नटून आल्या आणि हात रिकामे घेऊन कुणीच आलं नाही. पुरणपोळ्या, करंज्या, लाडू, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, गुळाच्या ढेपेचे फोडलेले खडे. मोबाइलवर गाणी लावलेली. बायका पाळीपाळीनं घास भरवत होत्या आणि गाय एकीलाही नाराज करत नव्हती. फोटो निघाले, लगेच सगळ्यांच्या स्टेटसला गेले. तिकडं सरहद्दीवरून नवऱ्यानं व्हिडिओ कॉल केला आणि गाईला बघून म्हणाला, “हिला रोज सकाळी पळवा.” त्याच्या मते जगातल्या सगळ्या दुखण्यांवर पळणं हाच इलाज आहे.

त्या दिवशी खाल्लं नाही ते फक्त दोघींनी. एक मी, कारण माझं पोट वासानंच भरलं होतं. दुसरी माझी नणंद. वयानं माझ्याहून लहान, पण मानानं वन्सं, म्हणून मी तिला वन्संच म्हणते. ती पुण्याहून खास आली होती आणि आईनं वाढलेल्या पुरणपोळीला तिनं हात लावला नाही. तिचं किटो डाएट चालू होतं.

“ते काय आसतं?” आत्यांनी विचारलं.

“साखर बंद, गूळ बंद, पोळी, भात, केळं, सगळं बंद. फक्त पनीर, अंडी, बदाम, लोणी. साखर मिळाली नाही की शरीर काय करतं, अंगावरची चरबी काढून ती जाळतं.”

आत्यांनी थोडा विचार केला. “म्हंजे दुष्काळ.”

“तसं नाही गं आई.”

“तसंच की. वहिनीच्या जतला तेच हुतंय की मेंढ्यांचं. तू पुण्यात बसून दुष्काळ विकत घेतलास.”

माझं आणि आत्यांचं एखाद्या गोष्टीवर एकमत व्हायची ती पहिलीच वेळ असेल.

गाय व्याली ती सुरळीत. कालवड झाली, आईसारखीच काळीपांढरी, कपाळावर पांढरा ठिपका. दुधाचा तर पूर आला. पहिल्या चिकाचा खरवस केला, तो गल्लीभर वाटला. आत्या येईल त्याला कास दाखवत होत्या. मीही मनात म्हटलं, चला, आपली भीती खोटी ठरली.

मग आठवडाभरात काहीतरी बिनसलं. आधी गाईनं पेंड सोडली. घमेल्यात नाक घालायची, फुंकर मारायची आणि मान फिरवायची. वाळका कडबा मात्र दोन-चार काड्या चघळायची. ज्या गाईनं आयुष्यात पेंडीला नाही म्हटलं नव्हतं, ती पेंड सोडून कडबा खातेय हे बघून आत्या हबकल्या. त्यांनी पेंडीत गूळ कालवला. मग गूळ आणि तूप कालवलं. तिनं तेही सोडलं. दूध उतरलं, आणि अंग तर असं उतरायला लागलं की रोज सकाळी निराळी गाय बघितल्यासारखं वाटायचं. माझ्या हाताला आता मणके सहज लागत होते. समोरची भिंत चाटत ती तासन्‌तास उभी राहायची.

“दृष्ट लागली,” आत्या म्हणाल्या. “त्या फोटूंनी केलं. सगळ्या गावानं बघितली माझी गाय.” त्यांनी मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. माझ्या आणि शेजारणींच्या मोबाइलमधले फोटो पुसायला लावले. मी मॅडमना फोन लावत होते, पण त्या दोन दिवस दुसऱ्या गावात शिबिराला होत्या. मग गाईनं कडबाही सोडला. त्या दुपारी आत्या गोठ्यात तिच्या तोंडाजवळ बसल्या आणि म्हणाल्या, “आता ती खाईल तवाच मी खाईन.”

हे त्या मोठ्यानं म्हणाल्या नाहीत. मोठ्यानं म्हणाल्या असत्या तर मी भांडून मोडून काढलं असतं. आत्या मोठ्यानं बोलतात ते निम्मं विसरतात. पुटपुटतात ते करतात.

संध्याकाळी वन्सं आल्या. त्यांना कालवड बघायची होती. बॅग ओट्यावर टाकून त्या थेट गोठ्यात गेल्या, गाईच्या तोंडाला तोंड लावून तिला कुरवाळायला लागल्या आणि एकदम थबकल्या. पुन्हा वास घेतला.

“वहिनी, इकडं या. हिच्या तोंडाला वास येतोय.”

मी वास घेतला. गोडसर, पिकून गेलेल्या फळासारखा, आणि मागं नेलपॉलिशच्या बाटलीसारखा काहीतरी. आत्या म्हणाल्या, “व्हय, मलाबी येतोय. गूळ घातलाय की तिला.”

“गुळाचा नाही आई. हा माझ्या तोंडाचा वास आहे.” वन्सं लाजल्या. “म्हणजे डाएट सुरू केल्यावर माझ्या तोंडाला अस्साच येत होता. आमचे हे तर दोन आठवडे माझ्याकडं पाठ करून झोपत होते.”

मी हसले. वन्सं हसल्या नाहीत. त्यांनी पर्समधून एक लहान डबी काढली. आत कागदाच्या पट्ट्या होत्या. चरबी जळतेय की नाही हे बघायला त्या रोज सकाळी स्वतःची लघवी तपासायच्या. पट्टी गुलाबी झाली तर डाएट लागू पडतंय, जांभळी झाली तर फारच छान. आता त्यांना गाईची लघवी हवी होती. ते काम आत्यांचं. त्यांनी तांब्या घेतला, गाईच्या मागं उभं राहून शेपटीखाली हळू हात फिरवत राहिल्या, आणि थोड्या वेळात तांब्या भरला. वन्संनी पट्टी बुडवली.

पट्टी बघता बघता गर्द जांभळी झाली, वांग्याच्या सालीसारखी. वन्सं डबीवरच्या रंगांशी ती ताडून बघत होत्या. डबीवरचा शेवटचा रंगसुद्धा एवढा गडद नव्हता.

“मला तीन महिन्यांत एकदाही असा रंग आला नाही,” त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात काळजी होती, पण थोडा हेवाही होता. मी तो ओळखला.

वन्संनी पट्टीचा फोटो मॅडमना पाठवला. लगेच फोन आला. मॅडम शिबिरावरून परतलेल्याच होत्या. “सकाळी पहिली तुमच्याकडं येते. रात्रीतून काही कोंबू नका तिला. तूप तर अजिबात नको. पाणी पुढं ठेवा.” मी त्यांना विचारलं, वाचेल ना? त्या म्हणाल्या, “वेळेत कळलंय. पण काळजात, म्हणजे लिव्हरमध्ये, चरबी किती साठलीय ते मला बाहेरून दिसत नाही.” हे मी आत्यांना सांगितलं नाही. पण फोनचा आवाज मोठा असतो आणि आत्यांचे कान अजून चांगले आहेत.

“मीच घातलं तिला,” त्या म्हणाल्या. “सगळं माझ्याच हातानं घातलं.”

जेवायला त्या उठल्या नाहीत. वन्संनी हात जोडले, मी आवाज चढवला, त्या गोठ्यातून हलल्या नाहीत. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्याकडं बघवतही नव्हतं.

सकाळी मॅडम आल्या. थंडी होती, तोंडातून वाफा निघत होत्या. त्यांनी गाईला तपासलं, मानेची शीर शोधली, सुई घातली आणि सलाईनची बाटली वन्संच्या हातात दिली. “वर धरा. उंच.” वन्सं पुण्यात जिमला जाऊन वजनं उचलतात; इथं अर्ध्या बाटलीतच त्यांचा हात थरथरायला लागला. मी गाईचं दावं धरून उभी होते. आत्या कालवडीला कुशीत घेऊन पोत्यावर बसल्या होत्या.

“यात काय हाय?” आत्यांनी विचारलं.

“साखर,” मॅडम म्हणाल्या. “नुसती साखर, आजी. हिच्या रक्तातली साखर संपलीय.”

मला पटेना. “एवढा गूळ खाल्लेल्या गाईची?”

मॅडम बाटलीकडं बघत समजावून सांगायला लागल्या. गाय दूध देते तेव्हा त्या दुधातली साखर ती रक्तातून काढते. व्याल्यावर दूध वाढतं पण भूक हळूहळू वाढते, म्हणून मधले काही आठवडे प्रत्येक गाय अंगावरची चरबी मोडून भागवते. ते चांगलंच आहे, त्यासाठीच ती साठवलेली असते. पण जी फार जाड होऊन व्यालेली असते तिची भूक आणखी कमी होते आणि चरबी एकदम लोंढ्यानं निघते. “ती सगळी काळजात येते. आता चरबी नीट जळायला जोडीला थोडी साखर लागते, आणि साखर तर दुधात गेलेली. मग चुलीत एकदम ओली लाकडं कोंबल्यावर होतं तसं होतं. जाळ कमी आणि धूर फार. तो धूर म्हणजे हा वास. तो वाढला की जनावराला खावंसं वाटत नाही, खाल्लं नाही की आणखी चरबी निघते.”

म्हणजे माझ्या वडिलांच्या जाड मेंढ्या याच धुरानं मरायच्या. मला फार वाटलं की हे त्यांना जाऊन सांगावं.

“मग माझ्या काळजाचं काय?” वन्संनी घाबरून विचारलं.

“तुमचं वेगळं आहे ताई,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही दिवसाला वीस लिटर दूध देत नाही.”

मी आत्यांकडं बघितलं, त्या हसल्या असतील म्हणून. त्या हसल्या नव्हत्या. एवढ्या गारठ्यात त्यांच्या कपाळावर घाम होता, वरच्या ओठावर घाम होता. कालवडीच्या पाठीवरचा हात लटपटत होता. त्यांनी माझ्याकडं बघून हळू, अडखळत विचारलं, “हिची आई कुठं गेली गं? मघापास्नं दिसंना.”

हिची आई त्यांच्या समोरच उभी होती, सुई टोचलेली.

“आत्या, सकाळची गोळी घेतली का?”

“घेतली की.”

“काही न खाता?”

“गोळी काय जेवान हाय व्हय?” त्या म्हणाल्या.

म्हणजे त्यांनी सगळं नियमानं केलं होतं. जेवायचं नाही हे व्रत त्यांचं, ते पाळलं. गोळी चुकवायची नाही हे माणसांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं, तेही पाळलं. साखर उतरवायची गोळी आणि उतरवायला पोटात काहीच नाही. मॅडम सुईजवळून ओरडल्या, “आधी गूळ द्या त्यांना, पटकन.” वन्संनी मोकळ्या हातानं पर्स उपडी केली, त्यातून बदाम पडले. गाईपुढच्या वाटीत गुळाचे खडे तसेच होते. मी दावं सोडलं, एक खडा उचलला आणि आत्यांच्या तोंडाशी नेला.

त्यांनी ओठ घट्ट मिटले. मान हलवली. डोळ्यांनी गाईकडं दाखवलं.

मला इतका संताप आला की माझं मराठी पळून गेलं. जत कर्नाटकाला लागून, लहानपणी शेजारपाजारची माणसं कन्नड बोलायची. खरा राग आला की माझ्या तोंडी तीच भाषा येते. “तिन्री,” मी ओरडले, “मोदल तिन्री,” म्हणजे खा, आधी खा. रागातसुद्धा तोंडातून आदरार्थीच निघालं. आत्यांना त्यातलं काही कळलं नाही. ओठ मिटलेलेच.

मग मला बाटली दिसली. थेंब थेंब पडत होता.

“आत्या, वर बघा. ती बाटली बघा. त्यात साखर आहे, ती गाईच्या अंगात चाललीय. तोंडानं नाही, शिरेतून, पण ती खातेय. आत्ता, या घटकेला खातेय.”

आत्यांनी सावकाश मान वर केली. बाटलीकडं बघितलं, नळीकडं बघितलं, नळी गाईच्या मानेत जाते तिथं बघितलं. मग मॅडमना विचारलं, “खरं व्हय?”

“खरं हाय आजी,” मॅडम म्हणाल्या. “पोटभर चाललंय तिचं.”

आत्यांनी तोंड उघडलं. मी खडा घातला, मग दुसरा घातला, मग साखरेचं पाणी करून आणलं आणि वाटी त्यांच्या ओठाला लावून धरली. त्यांचे दात वाटीवर वाजत होते. थोड्या वेळानं घाम सुकला, हात थांबला. त्यांनी कालवडीकडं बघितलं, गाईकडं बघितलं, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “अगं, दावं कुणी सोडलं हिचं?” तेव्हा मी तिथंच शेणात बसले आणि रडले. मला रडताना कुणी बघितलेलं आवडत नाही, पण त्या दिवशी इलाज नव्हता.

वन्सं बाटली धरूनच हसायला लागल्या. “काय बायका आहोत आपण. हिची साखर खाली, आईची साखर खाली, माझी मी हौसेनं खाली आणलेली. आणि राहतो कुठं, तर उसाच्या फडात.” मॅडमनी दुसरी बाटली लावली. जाताना एक गोड पातळ औषध दिलं, रोज दोन वेळा पाजायला, आणि आत्यांना बजावलं की पुढच्या वेळी लाड करायचे ते गाय व्याल्यानंतर, तेही हळूहळू. आत्या सगळ्याला व्हय म्हणाल्या. मला म्हणाल्या, “हुशार हाय पोरगी.”

वन्संनी आत्यांच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांच्या सांगण्यावरून आत्यांनी दूधचपाती खाल्ली, पण चतकोरच. शिरेतून खाणं म्हणजे चतकोर, असा हिशोब त्यांनी मनाशी लावलेला दिसला. ताट वाढून घ्यायला त्या तयार नव्हत्या. दिवसभर आम्ही गाईवर नजर ठेवून होतो. दुपारी तिनं वाढ्याचं एक पान ओढलं आणि टाकून दिलं. उन्हं कलली तेव्हा कडब्याची एक काडी घेतली, ती मात्र गिळली. मग आणखी एक. वन्संनी फोन उचलला तर आत्यांनी त्यांचा हात खाली केला, फोटो नको.

गाय बराच वेळ खात होती. मग गुडघे मोडून खाली बसली, एक लांब सुस्कारा सोडला आणि गप्प झाली. आत्या पुढं सरकल्या. गाईच्या गळ्याखाली एक गोळा उठला, सरसरत वर गेला, आणि तिचा जबडा सावकाश फिरायला लागला. ती रवंथ करत होती. जनावराचं पोट पुन्हा चालू झालं की हे होतं, ते आम्हाला कुणी सांगायला नको होतं. आत्यांनी गाईच्या कपाळावर हात ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही.

“वाढ आता,” त्या म्हणाल्या.

मी धावत आत गेले. भाकरी, पिठलं, मेथीची भाजी, ताक. वन्संसाठी वेगळं पनीर परतायला घेतलं तर त्या म्हणाल्या, आज राहू दे, मी पण भाकरीच खाते. आत्या हातपाय धुऊन पाटावर बसल्या. मी ताट पुढं ठेवलं, भाकरी मोडून दिली. न विचारता दुसरी भाकरीही ताटात टाकली. या घराचं पाणी मला लागलं असावं. आणि त्या पहिला घास घेतील म्हणून वाट बघत उभी राहिले.

त्यांनी घास घेतला नाही. मांडणीकडं बोट दाखवलं.

“तुझं ताट काल दुपारपास्नं पालथं हाय तिथं,” आत्या म्हणाल्या. “गोठ्यातनं मला सगळं दिसतंय. आन ते आन बस हितं.”

मला खरंच आठवेना, शेवटचं कधी जेवले होते. मी ताट घेतलं आणि त्यांच्या शेजारी बसले.